‘किती घेणार?’ : अंतिम वर्षाच्या मुलांसोबतचे आठ महिने

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात गुळाचा एक किलोचा खोका. खोक्यावर जलरंगातलं चित्र होतं : मागं ऊस, पुढं गुऱ्हाळ आणि काहिलीपाशी उभा गुळव्या.

“मॅडम, हे चित्र माझं हाय. पंधराशेला दिलतं. आता खोक्यावर हाय, टेंपोवर हाय, कॅलेंडरवर बी हाय. ह्यो खोका मी विकत घेऊन आलोय.”

लेखी काही केलं होतंस का, असं मी विचारलं. “न्हाई ओ. ओळखीचेच होते.”

मी कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात 18 वर्षं शिकवते. त्या मुलाला यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) मी शिकवलं, जलरंगात कागदाचा पांढरा कुठं राखायचा तेही शिकवलं. पण कुणी समोर बसून ‘किती घेणार?’ असं विचारलं तर काय बोलायचं, हे कधी शिकवलं नाही. मलाही ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या खोक्यावरच्या गुळव्याचा हात इतका सुरेख काढला होता की तो बघवेना.

त्यातून जे सुरू झालं ते या 14 मार्चला संपलं. दुसऱ्या एखाद्या कॉलेजात कुणाला असं काही करावंसं वाटलं तर उपयोगी पडेल म्हणून तारखांसकट आणि खर्चासकट लिहिते आहे.

जुलै : कागद

अंतिम वर्षाची 23 मुलं होती. रेखा व रंगकलेची 9, उपयोजित कलेची 12 आणि शिल्पकलेची 2. दर शनिवारी दोन तास हवे होते आणि बाहेरून येणाऱ्या लोकांच्या मानधनासाठी थोडे पैसे. 3 जुलैला अर्ज दिला. ‘विषय अभ्यासक्रमात नाही’ असा शेरा मारून तो परत आला. दुसऱ्यांदा मथळा बदलून ‘अभ्यासक्रमपूरक उपक्रम’ असं लिहिलं, तर मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचं म्हणून कागद लेखा विभागात अडकला. तिसऱ्यांदा सबंध वर्षाचं वेळापत्रक जोडलं : कोणत्या तारखेला काय, कोण येणार, कोणती खोली. तो कागद चार दिवसांत पुढं गेला आणि 25 जुलैला सही झाली. मागितले होते 12,000, मंजूर झाले 6,000. वेळापत्रक पहिल्याच अर्जाला जोडा, तीन आठवडे वाचतील.

ऑगस्ट : पहिला शनिवार

2 ऑगस्टला बाहेर धो धो पाऊस होता. मी फळ्यावर एवढंच लिहिलं : ‘दोन बाय तीन फूट व्यक्तिचित्र, तैलरंग. किंमत?’ प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहायचा होता. सगळ्यात कमी आकडा 800 आला, सगळ्यात जास्त 15,000. पाच चिठ्ठ्यांवर ‘तुम्ही द्याल ते’ असं होतं.

कागलच्या मुलानं 3,000 लिहिले होते. त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि हिशेब मांडायला लावला. कॅनव्हास, रंग, तेल, ब्रशची झीज मिळून 1,900. दिवस किती लागतील? “नऊ तरी लागतील, मॅडम.” उरले 1,100. नवानं भागले तर दिवसाला 122 रुपये. तो फळ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आमचे पप्पा गवंडीकाम करतात. ते दिवसाला नऊशे घेतात.”

वर्गात कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा हिशेब ठरून गेला. आधी सामान. मग दिवस गुणिले रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, आणि हा रोज गवंड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. त्यावर जाण्यायेण्याचा खर्च आणि किमान दोन दुरुस्त्यांचा वेळ. नवख्या मुलानं याहून जास्त घ्यावं की नाही यावर दुमत होऊ शकतं. याहून कमी घेऊ नये यावर मी ठाम आहे.

एका मुलीनं त्याच दिवशी विचारलं, “पण मॅडम, कलाकारानं पैशाचं बोललेलं बरं दिसतं का?” हा प्रश्न आपल्या गावात मनापासून विचारला जातो, कारण आपण कलापूर म्हणवून घेतो आणि चित्रकार आबालाल रहिमानांची फकिरी आपल्याला पाठ असते. मी तिला सांगितलं की आबालालांच्या पाठीशी शाहू महाराज होते. दरबार होता म्हणून रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठावर तो माणूस आपल्या धुंदीत चित्रं काढू शकला. आता दरबार नाही. आणि बाबुराव पेंटर बघ. नाटकांचे पडदे रंगवून पोट भरलं, कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कंपनी म्हणजे पगार, सामान, उधारी आणि वसुली. ते सगळं त्यांनी केलं, म्हणून त्यांची कला कमी झाली नाही. तिला तेवढ्यावर पटलं की नाही ते माहीत नाही. जानेवारीपर्यंत ती मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिली आणि मला तिचा आदर वाटतो.

27 ऑगस्टला गणपती बसले. त्याच्या आधी महिनाभर माझे शनिवार निम्मे रिकामे गेले. कुणी कुंभारांच्या बापट कॅम्पात मूर्तींची आखणी करत होतं, कुणी तालीम मंडळाच्या देखाव्याचा थर्माकोल कापत होतं. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण खरा धंदा तिथंच चालला होता. मी सांगितलं, हजेरी मांडते, पण काम संपल्यावर वहीत दोन रकाने भरून आणा : ठरलेले आणि मिळालेले. अनंत चतुर्दशीला, म्हणजे 6 सप्टेंबरला, काम केलेल्या 11 जणांपैकी चौघांचे पैसे पूर्ण मिळाले होते. उरलेल्या सात जणांत कुणाचे अर्धे, कुणाला नुसता टी-शर्ट आणि जेवण. “अध्यक्ष आमच्या गल्लीतलेच हायत, मागायचं कसं?” हे वाक्य मी पाच जणांकडून ऐकलं.

म्हणून इसाराचा नियम केला. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. ओळखीच्या माणसाला हे तोंडावर सांगणं जड जातं. तेव्हा एका कागदावर काम, आकार, तारीख, एकूण रक्कम आणि ‘50 टक्के आगाऊ’ एवढं लिहून तो कागद पुढं करायचा. कागदानं मागितलं की ओळख मोडत नाही.

सप्टेंबर : वकील आणि एक धक्का

एक वकील मॅडम 16 ऑगस्टला येणार होत्या. पण 18 ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू व्हायचं होतं, त्या गडबडीत त्यांना जमलं नाही. त्या आल्या 13 सप्टेंबरला. मानधन 1,500. माझ्या 6,000 रुपयांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

मुलं समजत होती की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा. वकील मॅडमनी 1957चा कॉपीराइट कायदा उघडला आणि 17वं कलम समजावून सांगितलं. चित्र काढणारा हा पहिला मालक, हे खरं. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र केलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीत मालकासाठी केलेल्या कामाचंही तसंच. मला गुळाचा खोका आठवला. ऑर्डर घेऊन केलेलं जलरंगातलं चित्र, लेखी काही नाही. त्या मुलाची बाजू लंगडी होती. चित्रकार म्हणून ओळखलं जाण्याचा त्याचा हक्क 57व्या कलमानं शाबूत राहतो, एवढाच दिलासा.

“मग काय करायचं?” या प्रश्नावर त्यांचं उत्तर साधं होतं. एक पान लिहायचं. चित्राचा हक्क कुणाकडं राहणार, ते कशावर छापायचं, किती वर्षं, कुठल्या भागात, नाव कुठं येणार आणि आणखी कशावर वापरलं तर वेगळे पैसे किती. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, भाग लिहिला नाही तर भारत धरतो. नोंदणी सक्तीची नाही. करायची तर एका कलाकृतीला 500 रुपये, आणि ती मालावर छापली जाणार असेल तर 2,000. अर्ज केल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. आमच्या एका मुलीनं आपल्या चित्रमालिकेतल्या पात्राचा अर्ज 22 सप्टेंबरला केला. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. पण पोचपावती तिनं फोल्डरमध्ये घालून ठेवली आहे आणि दर आठवड्याला काढून बघते.

जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मिरवल्या गेल्या, तो विषय मुलांनीच काढला. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, तरीही हे झालं. तो सगळा तास त्यातच गेला. वेळापत्रक कोलमडलं, पण श्रेय आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्यापेक्षा त्या बातमीनं चांगलं शिकवलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पॅन, उद्यम आणि पोर्टफोलिओ

हा भाग कंटाळवाणा आहे. पण सगळ्यात जास्त मुलं इथंच हरवतात. 23 पैकी 9 जणांकडं पॅन नव्हतं. आधार वापरून ई-पॅन प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आणि थोड्याच वेळात मिळतं. सहा जणांचं एका दुपारी झालं. तिघांच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नव्हता, त्यांना आधी आधार केंद्रात रांग लावावी लागली. शुल्क 75 रुपये, दोन फेऱ्या आणि दहा दिवस. पन्हाळ्याकडच्या एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं होतं. तिचं सगळं निस्तरायला दिवाळी उलटून गेली. पहिल्याच वर्षी मुलांच्या कागदांवरची नावं ताडून घेतली असती तर तिला हा त्रास झाला नसता. यंदा प्रथम वर्षाच्या वर्गात जाऊन मी ते केलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. तरी आमच्या एका मुलानं सरकारीच वाटावं अशा खासगी संकेतस्थळावर 1,499 रुपये भरले. पत्ता gov.in नं संपत असेल तरच पुढं जा, असं मी ओरडून सांगायला हवं होतं. व्यवसायाचा कोड निवडताना रेखा-रंगकलेच्या मुलांनी 90 नं सुरू होणारा घेतला, डिझाइनच्या मुलांनी 7410. नोंदणीचा खरा उपयोग वसुलीला होतो. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणं खरेदीदाराला बंधनकारक आहे. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की फोन लवकर उचलला जातो.

जीएसटीची भीती मुलांच्या मनात विनाकारण असते. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. बिलावर तेवढी एक ओळ लिहायची. टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या प्राप्तिकराबद्दल, मात्र आधी सांगा. आमच्या एका माजी विद्यार्थिनीनं 60,000चं पॅकेजिंगचं काम केलं आणि खात्यात 54,000 आले. सहा हजार बुडाले असं समजून ती महिनाभर त्या लोकांशी बोलली नव्हती. ते 10 टक्के तिच्या पॅनवर जमा झाले होते, 26एएस या प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात दिसत होते, आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळणार होते.

पाऊस थांबल्यावर कामांचे फोटो काढले. पहिल्या फेरीत निम्म्या फोटोंत फरशी दिसत होती, तैलरंगावर फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. मग सकाळी नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या व्हरांड्यात चित्र भिंतीला सरळ टेकवून, फोन चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि अगदी समांतर धरून काढले. लागलेला खर्च शून्य. प्रत्येक चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. एकानं 64 पानांचा पोर्टफोलिओ आणला होता, तो 15 पानांवर आणायला सांगितल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात पहिल्या वर्षाची स्थिरचित्रंही होती. मी घाई केली नाही. तीन आठवड्यांनी त्यानं स्वतःच ती काढली आणि 16 पानांवर थांबला. ते सोळावं पान मी राहू दिलं.

डिसेंबरात उद्यमनगरातल्या एका ऑफसेट छापखान्यात गेलो. तिथल्या मशीनमननं मुलांना एकच गोष्ट दाखवली : कडेला 3 मिलिमीटर जास्तीची जागा न सोडलेली फाइल कापल्यावर कशी दिसते. ज्यांना मी हे चार वर्षं सांगत होते, त्यांना ते त्या दहा मिनिटांत समजलं.

20 डिसेंबरला पालकांना बोलावलं. सतरा घरांतून कुणी ना कुणी आलं. “बाई, सरकारी नोकरी लागंल का?” हा पहिला प्रश्न होता. कलाशिक्षकाच्या जागा थोड्या निघतात, आणि पहिली दोन वर्षं पैसे ठरावीक येणार नाहीत, हे मी खरं तेच सांगितलं. कागलचे गवंडी पप्पा शेवटपर्यंत गप्प होते. जाताना मुलाची वही मागून घेतली आणि हिशेबाची पानं उभ्यानंच वाचली.

जानेवारी : बोलण्याचा सराव

गुजरीतले एक सराफ आमच्या घरोब्याचे आहेत. त्यांना विनंती केली की एक तास गिऱ्हाईक होऊन या आणि खरीखुरी घासाघीस करा. 10 जानेवारीला ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “दुकानाच्या भिंतीवर अंबाबाईच्या किरणोत्सवाचं चित्र पाहिजे. आठ बाय पाच. किती घेणार?”

गडहिंग्लजची मुलगी पुढं होती. हिशेब करून आली होती. “अठ्ठावीस हजार.” सराफ काही बोलले नाहीत. नुसते तिच्याकडं बघत राहिले. चार-पाच सेकंद गेले असतील. “म्हणजे… पंधरापर्यंत करतो की, काका.” त्यांनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता. खाली बसल्यावर तिचे कान लाल झाले होते. “मी लगेच खाली आलो ओ मॅडम. ते काय म्हणलेच नाहीत, तरी आलो.”

त्या दिवशी तेराजण बसले आणि नऊजण असेच आपणहून खाली आले. सराफांनी चहा घेताना जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही : “मी दर सांगितला की तराजूकडं बघतो. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघितलं की माणूस ढिला पडतो.”

मग आम्ही रोजचा सराव ठेवला. वर्ग सुरू होताना दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं किंमत सांगायची आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. रोज स्केचिंग करतो तसंच. दुसरा नियम असा, की किंमत कमी करायची तर काम कमी करायचं. 24 जानेवारीला सराफ पुन्हा आले. गडहिंग्लजच्या मुलीनं 28,000 सांगितले आणि समोरच्या पोर्टफोलिओकडं बघत राहिली. “एवढ्यात दहा फ्लेक्स होतील की माझे.” ती थांबली. मग म्हणाली, “होतील, काका. सहा बाय चार केलं तर एकोणीस हजारांत बसवतो. आठ बाय पाच पाहिजे तर अठ्ठावीसच.” आवाज थोडा कापरा होता, पण आकडा हलला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि मला बोलता येईना.

फेब्रुवारी : प्रदर्शन

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं कलादालन 6 ते 8 फेब्रुवारीसाठी आम्ही सप्टेंबरातच अर्ज करून, अनामत भरून ठरवलं होतं. तेवढं आधी केलं म्हणूनच शनिवार-रविवार मिळाला. कॉलेजचे पैसे तोवर संपले होते. मुलांनी प्रत्येकी 1,600 काढले, त्यात दोघांचे आम्ही तिघा शिक्षकांनी भरले. फ्रेम सरासरी 650 रुपयांना पडली.

31 कामं लावली. सात मुलांची मिळून 9 कामं गेली, 64,500 रुपयांना. याचा अर्थ 16 मुलांचं काहीच विकलं गेलं नाही. रविवारी संध्याकाळी खिळे काढताना त्या सोळा जणांच्या चेहऱ्यांकडं बघणं हे या वर्षातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि त्याची तयारी मी कुणाचीच करून घेतली नव्हती, माझीसुद्धा. एक मुलगा आपलं चित्र वर्तमानपत्रात गुंडाळत असताना दोरी पुन्हा पुन्हा सोडत होता आणि बांधत होता. पुढच्या वेळी आवराआवरीच्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचं असं ठरवलं आहे.

अभिप्रायाच्या वहीचा उपयोग झाला. नाव, फोन आणि ‘कोणतं काम आवडलं’ असे रकाने होते. आठवडाभरात मुलांनी स्वतः फोन केले, त्यातून चार कामं आली, त्यातली तीन त्या सोळांपैकी मुलांना. चूकही झाली. एका गृहस्थांना ‘सोमवारी पाठवतो’ या बोलीवर चित्र नेऊ दिलं. पैसे 19 दिवसांनी आले, रोज एक फोन केल्यावर. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय चित्र भिंतीवरून उतरवू नका.

आता मुलं पांगतील. दोघी कलाशिक्षक पदविकेला जाणार आहेत. एकाला पुण्याच्या ॲनिमेशन स्टुडिओत प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं आहे, तिथला करार त्यानं सही करण्याआधी मला पाठवला आणि आम्ही फोनवर ओळ न् ओळ वाचला. तिघांनी शनिवारी येणं नोव्हेंबरातच सोडलं होतं. त्यांच्यापर्यंत मी पोचू शकले नाही, याची बोच आहे. कागलच्या मुलानं नगरसेवकाच्या आईचं व्यक्तिचित्र घेतलं आहे, 11,500 ला, इसार घेऊन.

गुळाच्या खोक्याचा मुलगा शेवटच्या शनिवारी आला होता. त्या माणसांनी यंदा पाकिटासाठी नवीन चित्र मागितलं आहे. त्यानं एक पान लिहून नेलं, ते अजून सही करून परत आलेलं नाही. चित्र त्यानं सुरू केलेलं नाही.

पुढच्या वर्षाचा प्रस्ताव मी 16 मार्चला दिला. या वेळी 15,000 मागितले आहेत, आणि वेळापत्रक जोडलं आहे.